बुर्जी

शेंदूरजनाघाट, बाजार समितीचा लिलावाचा हॉल.
संत्र्याचे क्रेट उलटे घालून त्यांवर पट मांडलेले,
सोळा पट, बत्तीस जण,
आणि हात धुतले तरी न जाणारा तो आंबट वास.
पाचवी फेरी. समोर कनक फुसे,
वर्ग आठवा, मुक्काम बेनोडा.
खुर्चीवरून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.
तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं
आणि घड्याळ असं दाबलं
जशी आपल्याच घरची बेल.

मी वजिरापुढचं प्यादं सरकवलं.
एकच घर.

मला दुसरं येत नाही.
जिनिंगच्या चौकीदारानं, झिंगरूजीनं शिकवलेला डाव हा.
कोळशानं फरशीवर आखलेले चौसष्ट खण,
हरवलेल्या उंटाच्या जागी पाऊण इंची बोल्ट,
प्यादं पहिल्या पावलालाही एकच घर चालायचं
आणि राजा जन्मात एकदाच
घोड्यासारखा अडीच घरं उडायचा.
"शह बसला का तेबी गेलं," झिंगरूजी म्हणत,
"उडाचं असन त आत्ताच उड."
पुढे नियम वेगळे आहेत हे कळलं,
पण हाताला कोण सांगणार?

डी-सहा. जी-सहा.
मग उंट त्या बोळीत शिरून बसला,
पटभर तिरकी गल्ली नजरेत धरून,
रात्रपाळीचा माणूस बसतो तसा,
डोळे मिटून जागा.
तिची तीन प्यादी मधोमध आली,
वरातीतल्या पोरांनी रस्ता अडवावा तशी.
मी वाट दिली. गर्दी आपोआप पांगते,
हे मला खेळातून नाही, नोकरीतून माहीत.

अठराव्या चालीला पंखे थांबले.
एकतीस माना माझ्याकडे वळल्या.
गावात लाइनमन मी एकटाच,
आणि माझा मोबाइल पंचांच्या स्टीलच्या डब्यात,
सबस्टेशन त्यात बोंबलत असणार.
घड्याळ मात्र सेलवर चालत होतं.
अमरावतीचे पंच मान पुसत म्हणाले,
"कुऱ्हाडे, चाल तुमची आहे."

दीड तास.
शर्ट पाठीला चिकटलेला, सोंगट्या घामानं निसरड्या.
तिनं माझं एकेक उचललं,
बांधावरच्या शेंगा तोडाव्यात तसं, मन लावून.
शेवटी तिच्याकडे एक उंट, काठाचं एक प्यादं.
माझ्याकडे राजा. नुसता.
तो मी कोपऱ्यात नेऊन बसवला, काळ्या घरात.
तिचा उंट जन्माचा पांढऱ्या घरांचा,
त्या कोपऱ्यात त्याला पाऊल टाकता येत नाही,
साधं डोकावताही येत नाही.

तिनं अकरा मिनिटं घेतली.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
मग हात पुढे केला, थंड, इवलासा.
अर्धा-अर्धा.

झिंगरूजी याला बुर्जी म्हणायचे:
सगळं लुटलं गेलं, राजा उघडा पडला,
तरी मात नाही.
त्या रात्री ते चहा पाजत, दोघांचा मिळून एक कप.

"काका, तुमी पिर्क लय मस्त खेळता."
"काय?"
"पिर्क. तुमचं ओपनिंग. माह्या ॲपमदी हाये ना."
मी म्हटलं, हाव.
आता चाळीस वर्षांनी नाव कळलं
तर त्याला काय म्हणायचं माणसानं?

बाहेर लोक तोंडं करून उभे.
जंपर सुटला होता.
परमिट घेतलं, शिडी लावली,
एक दांडा, मग एक दांडा.
खालून तिचा आवाज:
"काका, सव्वीसाव्या चालीले घोडा फुकट होता,
मारला कायले नाही?"
"दिसला नाही गं."

दिसला होता.
पण तो घ्यायला उंटाला
आपली गल्ली सोडावी लागली असती.

खाली उतरलो, परमिट परत केलं.
पंखे एकदम सुरू झाले
आणि हॉलमधले सगळे चालींचे कागद
क्रेटवरून उडाले. माझाही असेल त्यात.